आत्याच्या मातीचं कापड

साखरेच्या आजाराने हेपिसिपाआत्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, त्याच आठवड्यात तिने हुलिताला सांगितलं, "तो ओंडका माझ्या खिडकीखाली आण. पाय गेला, डोळे चालले. कान तरी कामाला लागू देत."

ओंडका म्हणजे झाडाची साल ठोकून कापड करायचा. दोन बाप्यांनी उचलावा असा. हुलिताने तो नारळाच्या झावळ्या खाली अंथरून एकटीने ढकलत आणला. तेव्हापासून ती बाहेर मोगरी चालवायची आणि आत्या आतून ओरडायची.

"मधेच ठोकतेस! कडेला जा!"

"जातेय, आत्या."

"आता घाई केलीस. मनगट मोडलंय का तुझं? खांद्यातून उचल."

हुलिता खांद्यातून उचलायची. पन्नाशीला आलेली बाई, पण या एका माणसापुढे ती अजून शिकाऊच होती. आई लहानपणी गेली, बाप मासेमारीच्या बोटीवर चढला तो न्यूझीलंडला उतरला आणि तिकडेच राहिला. बापाच्या बहिणीनेच हिला वाढवलं. साल कशी सोलायची, वरची हिरवी कात कशी खरवडायची, आतली पांढरी पट्टी वाळवून, भिजवून, मोगरीच्या खाचांच्या बाजूने आणि मग गुळगुळीत बाजूने ठोकून हातभर रुंद कशी करायची, हे सगळं आत्याचंच. हुलिताचा नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला. दोन हंगाम पैसे आले, मग फोनही लागेना. तेव्हाही आत्या एवढंच म्हणाली होती, "साल भिजत घातलीस ना सकाळी? मग बस कामाला."

आमच्या बेटांवर भावाच्या लेकराने आत्यासमोर आवाज चढवायचा नाही, तिच्या उशाला बसायचं नाही, तिच्या डोक्याला हात लावायचा नाही. कापलेल्या पायाची जखम हुलिता रोज धुवायची, पू पुसायची, पट्टी बांधायची. पण आत्याचे केस विंचरायला शेजारची तोकिलुपेमावशी यायची. पायाशी हुलिता, डोक्याशी तोकिलुपे.

पट्टी बांधताना एकदा आत्या म्हणाली, "मला लोकांच्या कापडात गुंडाळू नका. तुझ्या कापडात गुंडाळा."

"आत्या, असलं काय बोलता?"

"मग काय बोलू? नाचायला जाऊ म्हणू? झाडं बरी आहेत का?"

"बरी आहेत."

झाडं बरी नव्हती. आदल्या वर्षीच्या वादळात सालीची रोपं आडवी झाली होती. उरली ती जहाजवाल्यांसाठी लागत होती.

पर्यटकांची जहाजं नेईआफू बंदराच्या खाडीत लागायची, आणि फेलेती आपल्या गाडीत भरून पाहुणे गावात आणायचा. फेलेती हुलिताचा चुलतभाऊ. वाणीने गोड, कामाला कच्चा. त्यानेच रस्त्यावर पाटी रंगवली होती: 'हस्तकला शिका.' पाहुणे फणसाच्या झाडाखाली चटयांवर बसायचे. हुलिता दाखवायची, फेलेती त्यांच्या भाषेत सांगायचा, आणि मग एकेकाच्या हातात मोगरी द्यायची.

सुरुवातीला हुलिता नुसतंच करून दाखवायची. फेलेतीला ते पटेना.

"बघायला त्यांच्याकडे टीव्ही आहे, हुलिता. त्यांना ठोकायचंय. प्रत्येकाला एक पट्टी दे."

"एका पट्टीमागे एक झाड जातं, फेलेती."

"आणि एका जहाजामागे आत्याची औषधं येतात."

आत्याच्या इस्पितळाच्या फेऱ्या, पट्ट्या, गोळ्या सगळं त्या फणसाखालून येत होतं. हुलिता पट्ट्या देऊ लागली.

पाहुणे मनापासून ठोकायचे. घाम गाळायचे, हसायचे, एकमेकांचे फोटो काढायचे. पण ठोकायचे एकाच जागी, आणि मोगरी तिरपी पडायची. तिरपी मोगरी धागा पसरवत नाही, कापते. पट्टी मधे कांद्याच्या सालीसारखी व्हायची आणि कडांना जाड राहायची. खिडकीतून आत्याचा आवाज यायचा, "कोण नारळ फोडतंय गं बाहेर?"

"जहाजवाले आहेत, आत्या."

"त्यांना म्हणावं झाड मेलंय आधीच, आता किती माराल?"

फेलेती पाहुण्यांना सांगायचा, आजीबाई आशीर्वाद देतायत. पाहुणे खिडकीकडे हात हलवायचे.

आत्याने एक गोष्ट बजावून ठेवली होती. ज्याने जे ठोकलं ते त्याने घेऊन जायचं. आपल्या घरात ठेवायचं नाही. पण पाहुणे ते नेतच नव्हते. विमानतळावर झाडपाल्याची कुठलीही वस्तू काढून घेतात, दंड करतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. फोटो काढून झाला की ते पट्टी चटईवर ठेवून द्यायचे. हुलिता त्या गोळा करून मागच्या खोपटात टाकायची. फेकवत नव्हत्या आणि वापरण्याजोग्या नव्हत्या.

गावातल्या बायकांचा कापडाचा गट होता. एकेकीच्या कापडाची ठरलेली वेळ. जिचं कापड, तिने ठोकलेल्या पट्ट्या, खळ आणि रंग आणायचा. बाकीच्यांनी लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसून हात द्यायचे. नक्षीचे साचे खाली, त्यावर पट्ट्यांचा एक थर, त्यावर आडवा दुसरा थर, मधे खळ, आणि वरून कोका नावाच्या झाडाच्या सालीचा तपकिरी रंग घासत न्यायचा. दिवस चुकला की पुढच्या वर्षावर गेलं. तोकिलुपे गटाची प्रमुख होती, आणि दिवस पुढे ढकलणं हा शब्दच तिला माहीत नव्हता.

हुलिताचा दिवस मंगळवारी होता. आदल्या गुरुवारी आत्याचा दुसरा पाय काळा पडायला लागला. इस्पितळातल्या माणसाने तो पाहिला, चादर परत टाकली आणि म्हणाला, घरीच राहू द्या.

हुलिताने घरी येऊन पट्ट्या मांडल्या. वरचा थर पुरा होत होता. खालचा अर्धाही होत नव्हता. कापायला रोप नव्हतं. शेजारणींकडे मागावं तर वादळाने सगळ्यांचीच रोपं पाडली होती, आणि ज्यांची उरली त्यांनी आपापल्या दिवसासाठी राखली होती.

ती खोपटात गेली. जहाजवाल्यांच्या पट्ट्या ढीग लावून पडल्या होत्या. तिने एक उचलून उजेडासमोर धरली. पलीकडचं झाड दिसलं.

मातीत तर जायचं आहे, ती मनाशी म्हणाली. मातीत कोण बघतंय.

दोन दिवस ती त्या पट्ट्यांशी झटली. भिजवून कडा पुन्हा ठोकल्या. मधे फाटत होत्या तिथे दोन-दोन एकावर एक घातल्या. मग टॅपिओकाची दाट खळ शिजवून तिने त्या दोन्ही बाजूंनी माखल्या आणि उन्हात ताणून वाळवल्या. खळीने पट्ट्या कडक झाल्या, हाताला भरीव लागू लागल्या. एवढी मेहनत तिने चांगल्या कापडासाठीही कधी घेतली नव्हती. ही मेहनत उलट्या दिशेची होती, हे तिला काम करताना कळत होतं. तरी तिने कडा नीट कापल्या, एकसारख्या रचल्या.

मंगळवारी बायका फळीच्या दोन्ही बाजूंना बसल्या. खालचा थर हुलिताने स्वतः मांडला.

"आज मालकीणबाई कोणाला हात लावू देत नाहीत!" एक जण म्हणाली.

"आत्याचं कापड आहे," दुसरी म्हणाली. "लावू दे तिला."

तोकिलुपेने एक पट्टी चिमटीत धरली आणि हुलिताकडे पाहिलं. "कडक आहे गं."

"ऊन फार लागलं, मावशी."

"हं." तोकिलुपेने पट्टी खाली ठेवली, बोटं खळीत बुडवली आणि कामाला लागली. बायका गायला लागल्या. चांगल्या पट्ट्यांचा वरचा थर बसला, रंग फिरला, साच्यांची नक्षी उमटली. संध्याकाळी कापड गवतावर वाळत पडलं तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघत होता. गेल्या काही वर्षांत गटाने केलेल्या कापडांत हे सर्वांत देखणं होतं.

आत्याला आता दिसत नव्हतं. हुलिताने घडी घातलेलं कापड तिच्या खाटेजवळ नेलं आणि एक कोपरा हातात दिला. चांगला कोपरा, दोन्ही थर स्वतःच्या हातचे असलेला.

आत्याने तो अंगठ्याने चोळला. बराच वेळ चोळला.

"दुसरं टोक दे."

हुलिताचा हात थांबला. मग तिने घडी उचलली, खडखड वाजवून फिरवली, आणि तोच कोपरा पुन्हा तिच्या हातात दिला.

आत्याने पुन्हा चोळला. "दोन्हीकडे सारखं," ती म्हणाली. "बसला तुझा हात. माझा जीव घेऊन बसला, पण बसला."

हुलिता हसली नाही. तिने पायाची पट्टी सोडली, नवी बांधली आणि बाहेर गेली.

आत्या शनिवारी गेली.

घर भरलं. आत्याला पुढच्या खोलीत चटयांच्या थरावर निजवलं. उशाशी लाविनिया येऊन बसली. ती आत्याच्या आत्याची नात, राजधानीहून पहिल्या विमानाने आलेली. बहिणीकडच्या नात्याचा मान मोठा, म्हणून अशा वेळी घरात तिचाच शब्द शेवटचा. कोणती चटई, कोणतं कापड मातीत जायचं, कोणतं कोणाला द्यायचं, ते तीच ठरवणार. हुलिताची जागा मागे, जमिनीत खणलेल्या स्वयंपाकाच्या भट्टीपाशी. भावाची लेक, म्हणजे सगळ्यांत खालची. कमरेला सुतकात नेसायची जुनी फाटकी चटई, एवढी मोठी की काखेपर्यंत आणि खाली पोटऱ्यांपर्यंत. ती अंगावर घेऊन ती लाकडं लावत होती, दगड तापवत होती, कोनफळं सोलत होती. पुढे जायचं नाही, आत्याचं तोंड बघायला उभं राहायचं नाही. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिची जागा कापडाने घेतली होती, आणि कापड आत्याबरोबर जाणार होतं. मग ते मातीखाली आणि ती मातीवर, कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

फेलेती लाकडांची मोळी घेऊन मागे आला. तोही फाटक्या चटईत. मोळी टाकून तिच्याजवळ उकिडवा बसला.

"नशीब काढलंस."

"काय झालं?"

"तुझं कापड पुढे अंगणात उलगडलं. लोक बघतच राहिले. लाविनिया म्हणाली, हे गाडायचं नाही. हे गावच्या सरदारांकडे जाईल. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न आहे. नवरी यावरून चालत जाणार."

हुलिताच्या हातातलं कोनफळ राखेत पडलं.

"काय गं? आनंदाने माणूस पांढरं पडतं का? मी तर म्हणतो, पाटीवर लिहू, सरदारांच्या घरची कारागीर."

"गप बस, फेलेती."

"अगं, पण..."

"गप बस म्हणते ना!"

नवरीची पहिली पावलं पडली की खालचा थर सुटणार होता. खळीने धरून ठेवलेलं किती टिकतं, हे हुलिताला कोणी सांगायला नको होतं. शे-दोनशे माणसांसमोर, सरदारांच्या अंगणात. आणि तेव्हा कोणी हुलिताचं नाव घेणार नव्हतं. नाव गटाचं निघणार होतं. तोकिलुपेचं, ज्या गात बसल्या होत्या त्या सगळ्यांचं. आणि जिने शिकवलं तिचं.

पुढे निरोप धाडावा तर कोणाबरोबर? फेलेतीच्या तोंडात ते गेलं की बंदरापर्यंत पोचणार. स्वतः पुढे जाणं तर नाहीच.

पण एक वेळ होती. माती व्हायच्या आधी लाविनिया कात्री घेऊन बसणार, आणि रिवाजाप्रमाणे खालच्या नात्यातल्या माणसांना एकेक करून पुढे बोलावून त्यांचे केस उतरवणार. तेवढा वेळ हुलिता तिच्या समोर असणार.

सकाळी हाक आली. हुलिता मान खाली घालून, गुडघ्यांवर सरकत आत गेली. आत्याकडे तिने पाहिलं नाही. लाविनियाने तिची वेणी मुठीत धरली.

"हेपिसिपाची तूच ना? कापड छान झालंय."

"बाई," हुलिता खालच्या आवाजात म्हणाली, "ते आत्याबरोबर जाऊ द्या."

कात्री थांबली. "काय?"

"ते कापड. मातीत जाऊ द्या. सरदारांकडे दुसरं पाठवा."

लाविनियाने आवाज खाली ठेवला नाही. "भट्टीवरनं उठून येतेस आणि उशाशी काय जाईल ते मला सांगतेस? स्वतःचं कापड मयताला सर्वांत जवळ हवंय? एवढा मान कशाला पाहिजे तुला?"

खोलीतलं गाणं थांबलं. भिंतीशी बसलेल्या गटाच्या बायका वळून बघायला लागल्या.

"मानासाठी नाही, बाई."

"मग?"

हुलिताला वाटलं, आत्ता गप्प बसलं तरी चालेल. कात्री फिरेल, केस पडतील, ती मागे जाईल. एक महिना मिळेल. तिने जमिनीवर दोन्ही हात टेकले.

"खालचा थर खोटा आहे. जहाजवाल्यांनी ठोकलेल्या पट्ट्या आहेत. चालणाऱ्याचं वजन घेणार नाहीत."

कोणीतरी नाकातून आवाज काढला. लाविनियाने बोट केलं, आणि दोघी उठून कापड घेऊन आल्या. दारात, उन्हासमोर त्यांनी ते उभं धरलं.

समोरून तपकिरी नक्षी दिसत होती, सरळ, भरदार. आणि मधे मधे, नक्षीच्या पाठीमागे, फिकट डाग उजळले होते. ठिगळांसारखे. मोजायची गरज नव्हती.

तोकिलुपे उठली. जवळ जाऊन एका डागावर तिने तर्जनी ठेवली आणि दाबली. बोट पेरापर्यंत आत गेलं.

"ऊन फार लागलं," ती म्हणाली.

हुलिता मान वर करू शकली नाही.

"गाडा म्हणते," लाविनिया म्हणाली. "मेलेल्या बाईला दिसत नाही म्हणून का?"

"रोपं नव्हती, बाई. तिला माझ्याच हातचं हवं होतं."

"मग हे कोणाच्या हातचं आहे?"

लाविनियाने वेणी ताणली आणि कात्री चालवली. मुळापाशी, एका दमात नाही, करकरत. मग म्हणाली, "घेऊन जा मागे. हे मातीत नाही जाणार आणि कोणाच्या घरीही नाही जाणार."

हुलिताने कापड स्वतःच खांद्यावर घेतलं. घडी घालायला कोणी हात लावला नाही. तिघी-चौघींचं ओझं होतं ते. वाकून, एक टोक मातीत घासत, ती मागे घेऊन आली. फेलेती दगडांशी उभा होता. त्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि पुन्हा दगडांकडे वळला.

दगड लाल झाले होते. डुकरं, कोनफळं, अळूचे कंद भट्टीत उतरवायचे होते. एवढी माणसं जेवायची होती. त्यांनी पानं घातली, वर गोण्या टाकायला घेतल्या, तर गोण्या कमी पडल्या. वाफ एका बाजूने सुटत होती.

"शेजारून आणतो," फेलेती म्हणाला.

"तोवर कच्चं राहील."

हुलिताने कापड ओढलं आणि भट्टीवर पसरलं. नक्षी वर आली. दोघांनी कडेने माती ओढली. थोड्या वेळाने वाफ कापडातून येऊ लागली, रंग ओघळला, आणि खालची खळ सुटायला लागली. आधी डाग होते तिथेच ते बसलं. एकेक गोल भोक पडत गेलं. हुलिता फावड्याने त्यावर माती टाकत राहिली. जिथून वाफ आली तिथे माती.

पुढून गाणं सुरू झालं आणि रस्त्याकडे सरकलं. चर्चच्या वळणावर ते हळू झालं, मग टेकडीच्या बाजूला. हुलिता उठली नाही. भट्टी सोडून जाता येत नव्हतं आणि जायची तिची जागाही नव्हती. फेलेतीने टोपी काढून छातीशी धरली.

बऱ्याच वेळाने बायका परतल्या. तोकिलुपे पुढच्या दाराने आत न जाता घराला वळसा घालून मागे आली. तिच्या पायांना टेकडीवरच्या कबरींची पांढरी वाळू लागली होती. ती जळणाच्या ओंडक्यावर बसली, गुडघे दाबले.

"झालं," ती म्हणाली.

"कशात गुंडाळलं, मावशी?"

"माझ्यात."

हुलिताला आधी कळलं नाही. मग कळलं. तोकिलुपेच्या पेटीत एक कापड होतं. जुनं, ऐन तरुणपणी ठोकलेलं, गावात सगळ्यांना माहीत असलेलं. ते तिने स्वतःच्या मातीसाठी ठेवलं होतं.

"ते तुमचं होतं, मावशी."

"होतं. आता नाही. हेपिसिपाला काय, चादरीत घालू?" तोकिलुपे भट्टीवरच्या मातीकडे बघत होती. मातीतून तपकिरी कापडाची एक कड बाहेर आली होती. "आता माझ्यासाठी तू करायचंस. गटात नाही. गटात तुला या वर्षी कोणी बसू देणार नाही, पुढच्याही नाही, मी बोलले तरी. एकटीने करायचं. रोपं लावण्यापासून. दोन्ही थर."

"करते."

"मला अजून दिसतंय, लक्षात ठेव."

"हो."

"आणि लवकर कर. माझीही साखर वाढलीये."

ती उठली, लुगड्यासारखी कमरेला गुंडाळलेली चटई सावरली आणि पुढे गेली. पुढून पाद्र्याची प्रार्थना ऐकू येत होती. फेलेतीने फावडं हातात घेतलं आणि हुलिताकडे पाहिलं.

"उघडायची का?"

हुलिताने मातीवर तळहात ठेवून ऊब पाहिली.

"थांब थोडं," ती म्हणाली. "डुक्कर मोठं आहे."